पाच राऊंड झाले, नकार आला: रिक्रूटरच्या मुलाखतीत नक्की काय बघतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही कोल्हापूरच्या. एमबीए एचआर केल्यावर तीन वर्षं गोकुळ शिरगावात माणसं पुरवणाऱ्या एका फर्ममध्ये फौंड्री आणि मशीन शॉपसाठी भरती केलीत. मग पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक रिक्रूटरच्या, म्हणजे इंजिनिअरांची भरती करणाऱ्या माणसाच्या, जागेसाठी पाच राऊंड दिलेत: एचआरचा फोन, भरती विभागाच्या मॅनेजरशी बोलणं, प्रोफाइल शोधून दाखवायचं प्रात्यक्षिक, एका इंजिनिअरिंग मॅनेजरबरोबर खोटी खोटी मीटिंग आणि शेवटी तिघांचं पॅनेल. त्यानंतर तीन आठवडे कुणी काही कळवलं नाही आणि मग ठरावीक मजकुराचा नकाराचा मेल आला. आता तुम्ही इतरांचे अनुभव वाचताय. कुणाला एका फोनवर ऑफर मिळाली, कुणाला सहा राऊंडनंतर उत्तरही नाही. कुणी म्हणतं फार आपुलकीनं बोलले, कुणी म्हणतं अपमान केला. तुम्ही विचारलंय, हे लोक नक्की काय बघतात, आणि फौंड्रीच्या अनुभवावर परत प्रयत्न करण्यात अर्थ आहे का.

अर्थ आहे. पण का, ते सांगायला थोडं विस्तारानं लिहावं लागेल.

मी या कामात 2008 पासून आहे. सुरुवात कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये, हजेरी आणि गेटपास बघण्यापासून. पुढं पुण्यात कन्सल्टन्सी, मग सॉफ्टवेअर कंपन्या. आता कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरातून काम करते आणि आमच्या टीमसाठी नवे रिक्रूटर निवडताना मुलाखत घेणाऱ्यांत असते. तुमची मुलाखत मी घेतलेली नाही, त्यामुळे तुम्हाला का नाकारलं हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून माझा एक अंदाज आहे आणि तो चौथ्या राऊंडबद्दल आहे. त्याच्याकडे येतेच.

आधी ते एकमेकांशी न जुळणारे अनुभव. ते सगळे खरे असू शकतात, कारण 'टेक कंपनीत रिक्रूटर' या एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्या नोकऱ्या चालतात. मोठ्या सर्व्हिस कंपनीत एकाच वेळी शेकडो जागा भरायच्या असतात, तिथं वेग बघतात आणि दोन राऊंडमध्ये निकाल लावतात. प्रॉडक्ट कंपनीत जागा थोड्या, पण एकेक जागा तीन-तीन महिने चालते. तिथं मॅनेजरशी तुमचं कसं जमेल हे तपासायला वेळ घेतात. स्टार्टअपमध्ये संस्थापक स्वतः बोलतो आणि त्याच्या मनावर सगळं असतं. काही ठिकाणी फक्त प्रोफाइल शोधणारा माणूस हवा असतो, काही ठिकाणी फक्त मुलाखतींच्या वेळा जुळवणारा, तर काही ठिकाणी जागा उघडल्यापासून माणूस रुजू होईपर्यंत सगळं एकट्यानं सांभाळणारा. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीत 16 लीडरशिप प्रिन्सिपल्स आहेत आणि रिक्रूटरच्या मुलाखतीतही प्रश्न त्यांच्याभोवतीच फिरतात. शिवाय 'बार रेझर' म्हणून त्या टीमबाहेरचा एक प्रशिक्षित माणूस बसतो, तो निवड अडवू शकतो. असा अनुभव वाचून तुम्ही वीस माणसांच्या स्टार्टअपची तयारी केलीत तर ती फुकट जाणार.

दुसरी गोष्ट हंगामाची. कंपनीनं भरतीला हात आखडता घेतला की पहिली झळ आमच्या विभागाला बसते. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटानं 11,000 लोक कमी केले तेव्हा मार्क झुकरबर्ग यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रातच म्हटलं होतं की पुढच्या वर्षी भरती कमी असल्यानं रिक्रूटिंग विभागाला तुलनेनं जास्त फटका बसेल. सप्टेंबर 2023 मध्ये गुगलनंही रिक्रूटिंगमधले शेकडो लोक कमी केले. अशा दिवसांत तुमची मुलाखत उत्तम होते आणि दरम्यान ती जागाच रद्द होते. तीन आठवड्यांच्या शांततेमागं कितीदा तरी एवढंच असतं. आत कुणीतरी मंजुरीची वाट बघत असतो आणि 'अजून ठरलं नाही' एवढं कळवायचं धाडस त्याला होत नाही. ते चुकीचंच आहे. उमेदवाराला वेळेवर कळवणं हा ज्यांचा धंदा, त्यांनीच ते टाळावं हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारून घेत जा: ही जागा नवीन आहे की कुणी गेल्यामुळे रिकामी झाली, पेरोल कंपनीचं आहे की तिसऱ्या एजन्सीचं, आणि एकूण राऊंड किती. रिक्रूटरच्या पुष्कळ जागा सहा किंवा बारा महिन्यांच्या कंत्राटावर, एजन्सीच्या पेरोलवर असतात. त्यात कमीपणा नाही, मी स्वतः असं काम केलंय. पण ते शेवटच्या राऊंडनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता चौथा राऊंड. तुम्ही लिहिलंय: "मॅनेजर म्हणाले, मला दोन जावा डेव्हलपर हवेत, चार ते सहा वर्षं अनुभवाचे. मी लगेच नोकरी डॉट कॉमवर आणि लिंक्डइनवर कुठले कीवर्ड टाकीन, किती दिवसांत किती प्रोफाइल देईन हे सांगितलं. स्प्रिंग बूट, मायक्रोसर्व्हिसेस असे जावाच्या कामातले शब्द सगळे पाठ करून गेले होते. त्यांनी 'ओके, थँक यू' म्हटलं आणि राऊंड वीस मिनिटांत संपला, ठरला होता पाऊण तासाचा."

माझ्या मते गाडी इथं अडली. तो राऊंड तुम्हाला जावा किती येतं हे बघायला नव्हता. मॅनेजरनं मुद्दाम अर्धवट मागणी समोर ठेवली होती. ती अर्धवट आहे हे तुमच्या लक्षात येतं का आणि तुम्ही उरलेलं काढून घेता का, हे त्यांना बघायचं होतं. मी हा राऊंड घेते तेव्हा माझ्या कागदावर उमेदवारानं दिलेली उत्तरं थोडी आणि त्यानं विचारलेले प्रश्न जास्त असतात.

आणि हे तुम्हाला येतं, म्हणून तर वाईट वाटलं. गोकुळ शिरगावातला एखादा कारखानदार फोनवर म्हणतो, "दोन सीएनसीवाले पाठवा." म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनची माणसं. तुम्ही फोन ठेवून माणसं पाठवता का? नाही. तुम्ही विचारता, ऑपरेटर पाहिजे की सेटर? टर्निंग सेंटर आहे की व्हीएमसी? कंट्रोल फॅनक आहे की सीमेन्स? जॉब लावून सायकल स्टार्ट करणारा ऑपरेटर चालेल, की ड्रॉइंग वाचून, टूल लावून, ऑफसेट देऊन पहिला पीस पास करून घेणारा सेटर हवा? रात्रपाळी आहे का, बस कुठून सुटते, ओव्हरटाइम रोखीत की पगारात? आधीचा माणूस का गेला? हे न विचारता माणूस पाठवला तर तो तिसऱ्या दिवशी परत येतो आणि कारखानदार तुम्हालाच बोलतो, हे तुम्ही स्वतः भोगलं असणार.

'जावा डेव्हलपर' हा शब्द 'सीएनसीवाला' इतकाच मोघम आहे. जुन्या सिस्टीममधल्या चुका दुरुस्त करत बसलेला माणूसही जावा डेव्हलपर आणि नवी सेवा पायापासून उभी केलेला माणूसही जावा डेव्हलपर. दोघांच्या सीव्हीवर शब्द तेच असतात. ऑपरेटर आणि सेटर यांच्यातला फरक ज्याला कळतो, त्याला हा फरक कळायला आठवडा पुरतो. तुम्ही त्या राऊंडमध्ये विचारायला हवं होतं: जागा का रिकामी झाली? हा माणूस पहिल्या सहा महिन्यांत काय करून दाखवेल तर तुम्ही म्हणाल की बरा मिळाला? या पाच कौशल्यांतली कुठली आल्याशिवाय चालणारच नाहीत आणि कुठली इथं येऊन शिकता येतील? तुमच्या टीममधला सगळ्यात चांगला माणूस कोण आणि त्याच्यात असं काय आहे? आधी कुणाला भेटलात का, त्यांना का नाकारलंत? 90 दिवसांची नोटीस असलेला चालेल का? ऑफिसला आठवड्यातून किती दिवस? प्रोफाइल पाठवल्यावर तुमचं उत्तर किती दिवसांत येईल?

शेवटचा प्रश्न विचारायला नवी मुलं कचरतात. मोठा माणूस समोर असतो, त्याला वेळेचं बंधन कसं घालायचं, असं वाटतं. पण मॅनेजर आठवडाभर उत्तर देत नाही आणि तोवर चांगला उमेदवार दुसरीकडं जातो, हे आमच्या कामातलं रोजचं दुखणं आहे. पहिल्या भेटीतच नम्रपणे 'दोन दिवसांत कळवाल ना?' असं विचारणारी मुलगी मला टीममध्ये हवी असते. तुमच्या मुकादमांशी आणि कारखान्यांच्या मॅनेजरांशी तुम्ही असंच बोलत असाल. मुलाखतीत मात्र तुम्ही वेगळीच बाई होऊन बसलात. परीक्षेला बसल्यासारखी.

प्रात्यक्षिकाचा राऊंड, म्हणजे प्रोफाइल शोधून दाखवायचं, तो बरा गेला असं तुम्ही म्हणता. तुमची सर्च स्ट्रिंग, म्हणजे शोधायला टाकलेली शब्दांची ओळ, मात्र एकदा परत बघा. तुम्ही जावा आणि स्प्रिंग बूट घेतलंत, आणि 'नॉट' लावून जावास्क्रिप्ट वगळलंत. हेतू कळला, नावं सारखी असल्यानं गोंधळ नको म्हणून. पण बॅकएंडचं, म्हणजे स्क्रीनमागचं, काम करणाऱ्या कितीतरी चांगल्या इंजिनिअरांच्या सीव्हीत कुठंतरी जावास्क्रिप्ट असतंच, कारण अधूनमधून त्यांना स्क्रीनचं कामही करावं लागतं. त्या एका 'नॉट'नं ते सगळे बाहेर गेले. 'नॉट' जपून वापरायचं, 'ऑर' सढळ हातानं. एकाच कामाची वेगवेगळ्या कंपन्यांत वेगवेगळी नावं असतात. कुणी सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणतं, कुणी एसडीई (सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनिअर), कुणी मेंबर टेक्निकल स्टाफ. ती सगळी 'ऑर'नं जोडून कंसात टाका. आणि मुलाखतीत स्ट्रिंग लिहिताना तोंडानं सांगत जा की हा शब्द का घेतला आणि तो का सोडला. पहिल्या सर्चला हजारावर नावं आली तर काय कमी कराल, चारच आली तर काय सैल कराल, हेही सांगा. बघणाऱ्याला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकायचं असतं. प्रोफाइल काय, कालांतरानं सगळ्यांनाच सापडतात.

त्याच राऊंडमध्ये उमेदवाराला पाठवायचा पहिला संदेश लिहून घेतात. तुमचा संदेश तुम्ही जसाच्या तसा दिलाय. त्यात कंपनीची चार वाक्यं स्तुती आहे आणि उमेदवाराबद्दल एकही शब्द नाही. ज्या इंजिनिअरला आठवड्याला असे दहा संदेश येतात तो हे उघडूनही बघणार नाही. मी साधारण असं लिहीन: "नमस्कार. तुम्ही पेमेंटच्या सिस्टीमवर तीन वर्षं काम केल्याचं प्रोफाइलवर दिसलं. आमच्याकडे खराडीत त्याच कामाची सहा जणांची टीम आहे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. पगाराची मर्यादा पहिल्याच फोनवर सांगेन. या आठवड्यात दहा मिनिटं बोलता येईल का?" इतकंच. तुम्ही त्याचं प्रोफाइल वाचलंय हे पहिल्या ओळीत दिसतं, आणि नको असेल तर त्याचा वेळही जात नाही.

आता अपयशाचा प्रश्न. "ऑफर घेऊन उमेदवार आला नाही असा एक प्रसंग सांगा," असं पॅनेलनं विचारलं आणि तुम्ही म्हणालात, "माझ्याकडून असं सहसा झालेलं नाही." हे उत्तर कुणालाच पटणार नाही. भारतात सॉफ्टवेअरमधल्या पुष्कळ नोकऱ्यांना 90 दिवसांची नोटीस असते. त्या तीन महिन्यांत माणूस तुमची ऑफर खिशात ठेवून आणखी दोन ऑफर गोळा करतो, किंवा आहे तीच कंपनी पगार वाढवून त्याला थांबवते. ज्या रिक्रूटरला असा फटका बसला नाही तिनं भरती केलीच नाही, असंच समोरच्याला वाटतं. आणि तुमच्याकडं तर अशा प्रसंगांचा साठा असणार. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आठवड्यात शिफ्ट भरत नाही. गावाकडं पेरणी निघाली की हेल्पर सांगून जात नाही. शेजारच्या फौंड्रीनं दिवसाला थोडे जास्त देऊ केले की सगळी फेटलिंगची, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारी, टोळी उठून जाते. ही तुमची ऑफर ड्रॉपआऊटची गोष्ट आहे. ती लपवायची कशाला?

अशी गोष्ट कशी सांगावी, म्हणून माझीच एक सांगते. ऑगस्ट 2019. पंचगंगेला महापूर. नदीकाठच्या चिखलीचा एक मुलगा सोमवारी पुण्यात रुजू होणार होता. रविवारपासून त्याचा फोन बंद. पुढं शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला. मॅनेजर पुण्याचा. तो म्हणाला, दुसरी ऑफर घेतली असणार, पुढचा उमेदवार बघा. मला चिखलीचं पाणी माहीत होतं, म्हणून मी दोन आठवड्यांची मुदत मागितली आणि टीव्हीवरच्या बातम्यांतली पुराची दृश्यं मॅनेजरला पाठवली. मुलगा सापडला तो त्याच्या कॉलेजच्या एका मित्रामार्फत, ज्याचं नाव त्यानं बोलता बोलता मला सांगितलं होतं. घरातली माणसं आणि जनावरं हलवून तो निवारा केंद्रात होता, फोन भिजलेला. पाणी ओसरल्यावर तो आला आणि पुढं बरीच वर्षं त्या टीममध्ये राहिला. यात माझी चूक अशी की माझ्याकडं त्याचा एकच नंबर होता. मित्राचं नाव आठवलं हे नशीब. तेव्हापासून मी प्रत्येक उमेदवाराकडून दुसरा नंबर घेते आणि रुजू व्हायच्या आधी दर आठवड्याला एकदा तरी बोलते, नुसती चौकशी म्हणून.

या गोष्टीत काय झालं, मी काय केलं, कुठं चुकले आणि त्यानंतर काय बदललं, हे चारही आलं. मुलाखतीत दोन-अडीच मिनिटांत एवढं सांगून थांबायचं. बाकी त्यांना हवं असेल तर ते खोदून विचारतात.

आकड्यांचंही तसंच. "किती जागा भरल्या?" याला तुम्ही "वर्षाला बऱ्याच" असं उत्तर दिलंत. आमच्या कामात प्रत्येक टप्प्यावर गळती असते आणि ती कुठं होते हे सांगता आलं पाहिजे. उदाहरणादाखल समजा, एका जागेसाठी शंभर प्रोफाइल बघितली, चाळीस जणांना फोन केले, पंधरा जणांनी रस दाखवला, आठ मॅनेजरकडं गेले, चौघांची मुलाखत झाली, एकाला ऑफर गेली. आठातले चारच मुलाखतीपर्यंत पोहोचत असतील तर तुमची आणि मॅनेजरची समजूत जुळत नाही असं समजायचं. मग आणखी वीस प्रोफाइल पाठवण्यात अर्थ नाही. नाकारलेली तीन घेऊन त्याच्यासमोर बसायचं आणि एकेकात काय खटकलं ते विचारायचं. "मॅनेजरनं सलग आठ प्रोफाइल नाकारली तर काय कराल?" हा प्रश्न जवळपास सगळीकडं विचारतात, त्याचं उत्तर इथं आहे. तुमच्या फर्ममध्ये रजिस्टर किंवा एक्सेल शीट असेलच. किती माणसं पाठवली, किती घेतली, तीन महिन्यांनी किती टिकली, हे मागच्या एका वर्षाचं काढून ठेवा. तीन महिन्यांनी किती टिकली हा आकडा तर सोडूच नका. आयटीतल्या पुष्कळ रिक्रूटरांना तो स्वतःचाही सांगता येत नाही.

खोट्या अनुभवाचा मुद्दाही तुमच्या फायद्याचा आहे. आयटीत खोटी अनुभवपत्रं आणि मुलाखतीला दुसराच माणूस बसवणं हे प्रकार चालतात. नोकरीच्या तारखा ताडून बघायला पीएफची नोंद मागतात. तुम्ही तीन वर्षं कामगारांचे यूएएन, म्हणजे पीएफचे कायमचे नंबर, जोडताय, एकाच माणसाचे दोन-दोन पीएफ खाते नंबर निस्तरताय. हे मुलाखतीत सांगितलंत का? तुमच्या लिखाणात तरी कुठं दिसलं नाही.

इथवरचं एकदा जोडून घेते. माझ्या अंदाजानं तुम्ही अनुभव कमी पडला म्हणून मागं पडला नाहीत. तो सांगायला लाजलात आणि त्याच्या जागी पाठ केलेलं जावा ठेवलंत. अर्ध्या तासात पाठ केलेलं जावा इंजिनिअरिंग मॅनेजरला लगेच ओळखू येतं. सेटर आणि ऑपरेटर यांच्यातला फरक तुम्ही त्याला दोन वाक्यांत समजावला असतात तर तो खुर्चीत पुढं सरकून बसला असता.

आता उरलेल्या तक्रारींकडं येते. दुसऱ्या राऊंडमधली बाई "एकदाही हसली नाही, नुसती टाइप करत होती", याचं तुम्हाला वाईट वाटलं. तिच्या बाजूनं एक सांगते. 1998 मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखती, मनाला येईल तसं बोलणाऱ्या मुलाखतींपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देतात, असं त्यात दिसलं. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गणित पुन्हा मांडलं. त्यात बहुतेक पद्धतींचे आकडे खाली आले, पण ठरीव चौकटीची मुलाखत यादीत सगळ्यात वर आली. म्हणून बऱ्याच कंपन्या मुलाखत घेणाऱ्यांना प्रश्न बदलू नका, शब्द टिपून घ्या, चेहऱ्यावर पसंती-नापसंती दाखवू नका, असं शिकवतात. ती बाई कदाचित तुम्हाला न्यायच देत होती. अर्थात सुरुवातीला 'मी लिहून घेणार आहे, त्याचं दडपण घेऊ नका' एवढं तिनं म्हणायला हवं होतं. मी ते दर वेळी म्हणते.

राऊंड किती असावेत? गुगलनं आपल्याच मुलाखतींचा हिशोब तपासला तेव्हा चार मुलाखतींत 86 टक्के खात्रीनं निर्णय घेता येतो आणि त्यापुढं फारशी भर पडत नाही, असं त्यांना आढळलं होतं. तुमचे पाच झाले, ते फार वावगं नाही. सात-आठ होत असतील तर आत कुणाला निर्णय घ्यायचा नाहीये असं समजून आपला जीव आटवू नका.

पॅनेलमधल्या एकानं विचारलेला प्रश्न, "घरचे पुण्याला सोडतील का, लग्नाचं काय ठरलंय?" हा प्रश्न विचारायलाच नको होता. त्याचा कामाशी संबंध नाही आणि पुरुष उमेदवाराला तो कुणी विचारत नाही. पुण्यात एके ठिकाणी हाच प्रश्न मला विचारला होता आणि मी दहा मिनिटं घरच्यांची बाजू मांडत बसले होते. आता कुणी विचारलं तर असं सांगा: "पुण्यात राहायला यायची माझी तयारी आहे, अमुक तारखेपासून जमेल, ऑफिसला यायचे दिवसही मान्य आहेत." आणि थांबा. त्यांना खरंच कामापुरतं जाणून घ्यायचं असेल तर एवढं पुरतं. तो माणूस तुमचा होणारा बॉस असेल तर ऑफर आल्यावरही हा प्रश्न विसरू नका.

इंग्रजीबद्दल तुम्ही शेवटी हळूच विचारलंय. खरं सांगते, इंग्रजी लागतं. मॅनेजरशी मीटिंग इंग्रजीत होते, मेल इंग्रजीत जातात. पण उच्चार कोल्हापुरी आहेत म्हणून मी कुणाला नाकारलेलं नाही आणि माझ्यासमोर कुणी नाकारलं तर मी भांडले आहे. अडतं ते लांबण लावण्यानं. 'सध्या कुठल्या जागा भरताय?' याचं उत्तर इंग्रजीत दीड मिनिटात देऊन बघा, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, परत करा. रोज एक, पंधरा दिवस. उमेदवारांशी बोलताना मराठी आणि हिंदी तुमच्या कामालाच येणार. साताऱ्या-सांगलीचा इंजिनिअर पगाराची खरी अपेक्षा मराठीत सांगतो, असा माझा अनुभव आहे.

त्या नकाराच्या मेलला उत्तर द्या. दोन ओळी पुरेत: वेळ दिल्याबद्दल आभार, आणि चौथ्या राऊंडबद्दल एखादी गोष्ट सांगता आली तर मदत होईल. उत्तर येईलच असं नाही, कंपनीच्या नियमामुळं ते काही सांगू शकत नसतील. पण ज्या मॅनेजरशी दुसऱ्या राऊंडला बोललात त्या बाईंना लिंक्डइनवर जोडून घ्या. रिक्रूटर नोकऱ्या फार बदलतात. वर्षभरानं त्या दुसरीकडं असतील आणि त्यांना माणसं लागतील. त्याच कंपनीत परत अर्ज करायला बऱ्याच ठिकाणी काही महिने थांबावं लागतं, ते त्यांच्याच एचआरला विचारा. मधल्या काळात आयटीचे क्लायंट असलेल्या पुण्यातल्या कन्सल्टन्सींकडं अर्ज करा. घरून काम देणाऱ्याही काही असतात. तिथं दबाव जास्त असतो आणि नाव छोटं, पण वर्षभरात शंभर तऱ्हेच्या जागा हाताखालून जातात.

आणि मागच्या वर्षाचं ते शीट काढलंत की आकडे इथंच टाका. कारखान्यांची आणि माणसांची नावं काढून टाका, फक्त कुठल्या कामाची माणसं, किती पाठवली, किती टिकली आणि जी गेली ती का गेली एवढं लिहा. कुठली गोष्ट कुठल्या प्रश्नाला सांगायची, हे मी ते बघून एकेक करून लिहिते.